न वाजलेली हलगी

अमीन सिराजोद्दीन दारात येऊन उभे राहिले तेव्हा कडूबा न्याहारीला बसला होता. अर्धी भाकरी ताटात तशीच टाकून तो सवयीने उठला, खुंटीवरची हलगी काढून काखेत मारली, टिपरू कमरेला खोचलं, पटका सारखा केला आणि "चला, अमीनसाब," म्हणत उंबरा ओलांडून निघालासुद्धा. वीस वर्षं हे असंच चाललं होतं. अदालतीचा अमीन यायचा, हाक मारायचा, पुढे अमीन आणि दहा पावलं मागे कडूबा अशी वरात निघायची आणि जालन्यातल्या कोणाच्या तरी दारात जाऊन थांबायची. तिथे अमीन कागद चिकटवायचे, कडूबा हलगी वाजवायचा, घराच्या चारी बाजू सांगून हर्रासाची, म्हणजे लिलावाची, तारीख ओरडायचा, आणि आतल्या बायका दार लावून घ्यायच्या. पायांना हे इतकं पाठ झालं होतं की डोक्याला काही काम पडत नसे. आज चार पावलं झाली, पाच झाली, तरी पुढे जाणाऱ्या बुटांचा आवाज येत नाही हे त्याच्या ध्यानात आलं. तो वळला. अमीनसाहेब त्याच्याच दारात उभे होते. एका हातात उर्दू इश्तिहार, दुसऱ्या हातात खळीचं डबडं.

"कुन्या मोहल्ल्यात जायाचं, अमीनसाब?"

"कहीं नहीं जाना," अमीनसाहेब खाली बघत म्हणाले. "यहींच है."

कडूबाच्या दाढेत भाकरीचा तुकडा अडकला होता. तो जिभेने काढता काढता त्याला पहिला राग आला तो त्या तुकड्याचाच. मग त्या पाच पावलांचा आला. नंदीबैलासारखे आपण मान हलवत निघालो, आपल्याच घराकडे पाठ करून, दुसऱ्याच्या घराला आग लावायला. अमीनसाहेबांनी खळ लावून इश्तिहार दाराच्या फळीवर चिकटवला. हाताने दाबून कोपरे बसवले. एवढं नीट त्यांनी कधी कोणाच्या दारावर चिकटवलेलं कडूबाने पाहिलं नव्हतं. ओळखीच्या माणसाचं घर होतं ना, म्हणून जरा माया. कडूबाला उर्दू वाचता येत नव्हतं, पण असले कागद त्याने इतके पाहिले होते की कुठल्या ओळीत घर असतं, कुठल्या ओळीत तारीख, हे तो बोट ठेवून सांगू शकला असता. वरून चौथ्या ओळीत त्याचं नाव असणार होतं. आज ती ओळ त्याला इतर ओळींपेक्षा काळी दिसली.

घर म्हणजे काय, दोन खोल्या आणि वर पत्रे. पण दगडी. मांगवाड्यातलं एकही घर दगडी नव्हतं तेव्हा त्याच्या आईने, गोजरबाईने, मांगवाडा सोडून स्टेशनच्या अंगाला, कोणालाच नको असलेल्या ओढ्याकाठच्या तुकड्यावर हे बांधलं होतं. गोऱ्यांची पलटण छावणी सोडून गेली आणि बंगल्यांचे दगड मातीमोलाने निघाले, तेव्हा गोजरबाई कापसाच्या जिनात सरकी वाहायला जायची. संध्याकाळी येताना छावणीवरून वळसा घ्यायची आणि डोक्यावर एक दगड आणायची. रोज एक. चार वर्षं. दगड पडवीत रचून ठेवायची आणि लहानगा कडूबा त्यावर बसून जेवायचा. चौकटीच्या डाव्या अंगाला एका दगडावर इंग्रजी आकडा कोरलेला होता. गवंड्याने तो उलटा बसवला होता, आणि ते कळायलाही त्यांना सहा वर्षं लागली. एका मिशनरी मडमेने दाखवलं तेव्हा गोजरबाई म्हणाली होती, "उलटा का हुईना, घरात हाये." तिच्या डोक्यावर मधोमध केस नव्हते, टक्कल पडलं होतं. लोक हसायचे. त्या टकलावर हे घर उभं होतं, आणि आज रामकिसन सावकाराला ते पाहिजे होतं, कारण निजाम सरकारचा नवा मोंढा, धान्य-कापसाचा बाजार, स्टेशनच्या बाजूला येणार, असं बोललं जात होतं आणि कोणालाच नको असलेला ओढ्याकाठचा तुकडा आता रस्त्यावरचा झाला होता. घर कोणालाच नको होतं. जागा सगळ्यांना पाहिजे होती.

आणि हे सगळं कशापायी, तर पितळी बाज्यांपायी. धाकटा भाऊ भुजंग सिकंदराबादेला पलटणीच्या बँडात शिकून आला आणि म्हणाला, "दादा, हलगीचे दिवस गेले. आता लग्नाला बँड लागतो. पाच बाजे घेऊ, कोट शिवू, सगळा मराठवाडा आपल्याला सुपारी देईल." घर रामकिसनकडे रहान, म्हणजे गहाण, ठेवून बाजे आले. कोटही शिवले, लाल, पिवळ्या दोऱ्याचे. दोन हंगाम बरे गेले. मग लढाई लागली, भरती सुरू झाली, आणि एका सकाळी भुजंग बाज्यांसकट मनमाडच्या गाडीत बसून जो गेला तो गेलाच. कडूबाच्या हातात राहिला एक लाल कोट. तो आता त्याच्या बायकोने, झुंबरबाईने, पोत्याला ठिगळ लावायला फाडला होता. भुजंगावर चिडायचं म्हटलं तर चिडता येईल, पण तो समोर नव्हता. जो समोर नाही त्याच्यावर किती दिवस दात खाणार?

खरा राग दुसराच होता. तो वर्षापूर्वीचा होता आणि कडूबाने तो आजपर्यंत गिळून ठेवला होता. रामकिसनने दावा लावला, निवाडा त्याच्या बाजूने झाला, तेव्हा कडूबा त्याच्या पेढीवर गेला होता. रामकिसन म्हणाला, "कडूबा, कागदाचं मनावर घेऊ नको. अदालत म्हणजे रिवाजापुरती. तू हप्ता देत जा, मी थांबून राह्यलो ना." आणि मग सरकीच्या पोत्याकडे हात करून म्हणाला, "बस." त्या पेढीच्या पायरीखाली कडूबा वीस वर्षं उभा राहिला होता. त्याला तिथे आजवर कोणी 'बस' म्हटलं नव्हतं. तो बसला. कान तुटलेल्या वेगळ्या कपात त्याला चहा आला, तो त्याने प्याला, कप धुऊन पालथा ठेवला आणि कनवटीचा हप्ता रामकिसनच्या माणसाच्या ओंजळीत वरून सोडला. असे तीन हप्ते. पावती मागितली नाही. माणूस 'बस' म्हणतो आणि आपण पावती मागायची? अदालतीबाहेर हातात दिलेला पैसा अदालतीत सांगून नोंदवला नाही तर तो दिलाच नाही असं धरतात, हे जालन्यात कडूबाइतकं कोणाला ठाऊक होतं? निदान दहा दारांत त्याने ते ऐकलं होतं. "सावकार थांबतो म्हनला व्हता हो," असं माणसं अमीनाचे पाय धरून सांगायची, आणि कडूबा बाजूला उभा राहून मनात म्हणायचा, येडे हाव का, कागद कुठं हाये? एका 'बस'ला त्याने आईचं घर देऊन टाकलं होतं. रामकिसनला ते फार स्वस्त पडलं होतं.

"रिपोर्ट लिख के लाया हूँ," अमीनसाहेब म्हणाले. त्यांनी पिशवीतून दुसरा कागद काढला आणि शाईची डबी. डबी त्यांनी ओट्याच्या दगडावर ठेवली आणि शिवाशिव नको म्हणून दोन पावलं मागे सरकले. ही त्यांची नेहमीची रीत होती, त्यात आज काही वेगळं नव्हतं. "लिखा है के सुबह आठ बजे दरवाजे पे बाजा बजाके ऐलान किया. तू अंगठा लगा दे, बस. बजाने की जरूरत नै. अपनेच दरवाजे पे क्या बजाएगा. इज्जत का सवाल है. मैं समझता हूँ."

समजतात म्हणे. सिराजोद्दीन वाईट माणूस नव्हते, हेच तर दुखणं होतं. गुडघ्याने अधू, पाच पोरींचे बाप, खालच्या आवाजात बोलणारे. न वाजवता अंगठा घ्यायची युक्ती त्यांना कोणी शिकवली आणि त्यातलं त्यांना काय मिळायचं हे कडूबाने कधी विचारलं नव्हतं. त्याला मिळायचे चार आण्यांचे आठ आणे. न वाजवण्याचे जास्त पैसे, ही या धंद्यातली मौज. हलगी वाजली की मोहल्ला गोळा होतो, तारीख तोंडातोंडी जाते, हर्रासाच्या दिवशी दहा माणसं येतात आणि बोली चढते. चढली की कर्ज फिटून वर जे उरेल ते घरमालकाच्या पदरात पडतं. हलगी नाही वाजली तर उर्दू कागद वाऱ्याने फडफडतो, दोन दिवसांनी शेळी येऊन खळीसाठी तो खाऊन जाते, आणि हर्रासाच्या दिवशी अदालतीच्या ओसरीवर उभे राहतात तिघं: सावकार, सावकाराचा मुनीम आणि अमीन. मुनीम एक आकडा बोलतो, सावकार त्यावर एक आकडा बोलतो, आणि घर तिसऱ्या हिश्श्याच्या किमतीत जातं. उरलेलं कर्ज घरमालकाच्या बोडक्यावर तसंच. कागदावर मात्र सगळं बराबर. बाजा बजाया गया. खाली अंगठा, कडूबाचा.

डबीतली शाई उन्हात चमकत होती. कडूबाने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं आणि त्याला अकबरबी आठवली. आठवली म्हणजे काय, तो तिला कधी विसरलाच नव्हता. रोज मोंढ्यात जाता-येता दिसत होती. तिचा नवरा छावणीतला नालबंद. तो मेल्यावर मोंढ्यामागच्या घरात ती एकटी राहायची. आठ वर्षांपूर्वी अशाच कापसाच्या दिवसांत, याच रामकिसनच्या दाव्यात, तिच्या घराचा इश्तिहार निघाला. अमीनसाहेबांनी कडूबाला घरूनच अंगठा लावायला सांगितलं. हलगी या खुंटीवर होती, गार, तिला हातही लागला नव्हता. कडूबाने अंगठा दिला, आठ आणे घेतले आणि त्या आठ आण्यांचं बकऱ्याचं काळीज आणलं. घर गेलं तेव्हा अकबरबीने अदालतीत अर्ज केला, की मला काही कळलंच नाही. हाकिमाने विचारलं, त्या दिवशी सकाळी कुठे होतीस? ती म्हणाली, घरातच होते, दारात बसून ज्वारी निवडत होते. हाकिम म्हणाले, कागदावर लिहिलंय की दारात बाजा वाजला. दारात बसून तुला बाजा ऐकू आला नाही? लोक हसले. अकबरबी गोंधळली. दुसऱ्या दिवशी तिने कडूबाला गाठलं आणि विचारलं, "तू बजाया था क्या रे?" कडूबा म्हणाला, "हौ खाला, वाजवली व्हती." मग तिने कानाला हात लावून पाहिला. एक कान दाबला, सोडला, दुसरा दाबला. "फिर मेरे कान गए," ती म्हणाली. त्या दिवसापासून अकबरबी बहिरी झाली. बोलणाऱ्यापुढे कानामागे तळवा धरायला लागली. लोक तिच्या कानात ओरडायला लागले. पोरं मागून जाऊन थाळी वाजवायची, तरी ती वळायची नाही. वळली तर स्वतःलाच खोटी पडली असती. आणि कडूबा? कडूबाही ओरडायचा. "खाला, बरी हाईस का?" असं मोंढ्याच्या गर्दीत, तिच्या कानाशी तोंड नेऊन, आठ वर्षं.

"ऐकलं का," आतून झुंबरबाईचा आवाज आला. ती दाराआड उभी होती, पदर तोंडावर. तिने सगळं ऐकलं होतं. "देऊन टाका अंगठा. आपल्याच तोंडानं आपलं घर गावभर सांगत हिंडता का? तुमचं ध्यान ठिकान्यावर हाये का?"

"न्हाई वाजवली तर रामकिसन एकटाच येतो."

"येऊ द्या. घर तर जायाचंच हाये ना. गुपचूप तरी जाईल."

गुपचूप. हा शब्द त्याला मोठा सोयीचा वाटला. पण वीस वर्षांत त्याने किती दारं पाहिली होती. घरं वाचायची ती गुपचूप बसून वाचली नव्हती. कादराबादेतल्या एका तांबटाने तारखेआधी अदालतीची परवानगी काढून मागची अर्धी जागा स्वतःच विकली आणि पुढची अर्धी राखली. कडूबा तिथे दुसऱ्यांदा वाजवायला गेला तेव्हा तांबट हसत म्हणाला, जा बाबा, आता तुझं काम नाही. जुन्या जालन्यातल्या उषाबाईने, हे घर माझ्या माहेरच्या सोन्यातून घेतलं, नवऱ्याच्या कर्जाला कसं लागतं, असा अर्ज ठोकला. हलगी अर्ध्यात थांबवावी लागली होती, आणि ती कमरेवर हात ठेवून अमीनांना कायदा सांगत होती. एका मुनशीचा तर हर्रास होऊन गेला होता, तरी तीस दिवसांच्या आत त्याने सगळी रक्कम आणि घेणाऱ्याला शेकडा पाच वरून भरले आणि घर परत ओढलं. घेणाऱ्याचं तोंड तेव्हा बघण्यासारखं झालं होतं. हे सगळे मार्ग कडूबाला तोंडपाठ होते. पुढच्या दारातल्या माणसाला त्याने ते सांगितले का? नाही. हलगीवाल्याने वाजवायचं, बोलायचं नाही. माणसं रडायची, त्याच्या अंगावर धावून यायची, आणि त्याच्या जिभेवर "तीस दिवस हायेत, मालक" एवढे शब्द असायचे, ते तो थुंकीबरोबर गिळायचा. ज्ञान असं गिळून गिळून आता त्याच्या पोटात दुखत होतं. कारण त्यातला एकही मार्ग त्याचा नव्हता. दोन खोल्यांतली अर्धी कोणाला विकणार? मांगाच्या भिंतीला भिंत लावून कोण राहणार? झुंबरबाईच्या माहेरून सोनं आलं नव्हतं, एक रेडकू आलं होतं. शेकडा पाच वरचे सोडा, खालचे शंभर कुठे होते? उरली होती ती फक्त हलगी. गाव गोळा झालं तर बोली चढेल. चढली तर कर्ज फिटेल, वर थोडं उरेल आणि नव्या मालकाचे पाय धरून आईचे दगड तरी उचलून नेता येतील. एवढंच. पण त्यासाठी आपल्याच दारात उभं राहून, आपल्याच नावाची दवंडी आपणच द्यायची.

"अंगठा न्हाई देत, अमीनसाब."

"पागल मत बन. नै देगा तो दूसरा आदमी लाता हूँ. उसका अंगठा लेता हूँ."

"दुसरा कशाला? सरकारी मानूस हाये ना मी. मी वाजवतो."

तो आत गेला. हलगी गार होती. गार हलगी थप्प बोलते, तिला शेकावं लागतं, कातडं ताणावं लागतं. चुलीवर तवा होता. झुंबरबाई चुलीपुढे आडवी उभी राहिली. दाराच्या फळीवरचा इश्तिहार फाडून त्याच्याच जाळावर हलगी शेकावी असं त्याला क्षणभर फार वाटलं, आणि तसं केलं तर उद्या आपणच तुरुंगात, हेही कळलं. राग असा शहाणा असला की जास्त जाळतो. झुंबरबाईने त्याच्या हातातल्या हलगीकडे पाहिलं. तिने एकाएकी खाली वाकून तवा उतरवला, चुलीत तुराट्यांची मूठ सारली आणि बाजूला झाली. कातडं जाळावर धरलं तसा त्याला ओळखीचा वास आला. लग्नांचा, मयतांचा आणि दुसऱ्यांच्या घरांचा.

पहिला ठोका त्याने उलट्या आकड्याच्या दगडाशेजारी उभं राहून मारला. शेजारच्या रेल्वेच्या खोल्यांतून दोन बाया बाहेर आल्या. "ऐका हो ऐका," कडूबा ओरडला. आवाज रोजचाच निघाला, याचं त्यालाच नवल वाटलं. "हुकूम अदालतीचा. स्टेशनाच्या अंगाचं राहतं घर, दोन खोल्या, दगडी, वर पत्रे. उगवतीला रस्ता, मावळतीला ओढा, वरल्या अंगाला रेल्वेची हद्द, खालल्या अंगाला पडीत. घर कडूबाचं." इथे तो अडखळला. बापाचं नाव घ्यायची रीत होती. बापाने या घराचा एकही दगड उचलला नव्हता. "घर कडूबा गोजरबाईचा, याचं. बहमन महिन्याची वीस तारीख, सकाळचे अकरा, अदालतीची ओसरी. कर्ज रामकिसन सावकाराचं. ज्याला घ्यायाचं त्यानं यावं." आयुष्यात त्याने कधी आपलं नाव एवढ्या मोठ्याने घेतलं नव्हतं. अमीनसाहेबांनी डबी उचलली. "हो गया," ते म्हणाले. "अब बस कर." पण कडूबा चालायला लागला होता. पुढे कडूबा, आणि गुडघा धरत दहा पावलं मागे अमीन.

तो स्टेशनावरून जिनाच्या फाटकापाशी गेला, तिथे वाजवली. कापसाच्या गाड्या अडवून वाजवली. बैल बुजले, गाडीवाल्यांनी शिव्या घातल्या, त्याने तारीख सांगितली. माणसं पहिल्यांदा हसायची. हा आपल्याच घराची दवंडी देतोय, याला चढलीय का? मग हसू ओसरून एखादा विचारायचा, रस्त्यावरचं का रे ते? प्रत्येक प्रश्नाला तो मान फिरवून उत्तर द्यायचा आणि प्रत्येक प्रश्नाने बोली चार आणे वर गेली हेही त्याला कळायचं. गिऱ्हाईक पाहिजे होतं आणि गिऱ्हाइकाचं तोंड बघवत नव्हतं. मनगट दुखायला लागलं तसा ठोका पक्का बसायला लागला. आता तो भुजंगावर मारत होता, 'बस' म्हणणाऱ्या तोंडावर मारत होता, कान तुटलेल्या कपावर मारत होता, पण सगळ्यात जास्त हलगी खुंटीवर गार राहिली त्या आठ वर्षांपूर्वीच्या सकाळवर मारत होता. पाय मोंढ्यामागे वळले ते त्याने वळवले नाहीत. म्हणजे वळवलेच, पण तसं त्याला नंतर वाटलं.

अकबरबीच्या घराचं रामकिसनने सरकीचं गोदाम केलं होतं. पुढचं दार रुंद करून घेतलं होतं आणि मागच्या भिंतीला टेकून पत्र्याचं एक छप्पर होतं, त्यात अकबरबी राहायची. पोती उतरताना सांडलेली सरकी झाडून गोळा करायची आणि शेळ्यावाल्यांना विकायची. आपल्याच उंबऱ्यात. आत्ताही ती केरसुणी घेऊन बसली होती. रामकिसन गोदामाच्या दारात तराजूपाशी उभा होता. पाच-सहा अडते होते, हमाल होते. कडूबाने आधी आपल्या घराची दवंडी दिली, तारखेसकट. रामकिसनचं तोंड पडलं, पण आवाज गोडच होता. "कडूबा, गावभर कशाला बोंबलतो? आपसातली गोष्ट हाये. ये, बस."

"बसलो व्हतो एकडाव," कडूबा म्हणाला. "आज उभाच बरा." आणि त्याने हलगी पुन्हा उचलली. "ऐका हो ऐका. हुकूम अदालतीचा. मोंढ्यामागचं राहतं घर, तीन खण, मातीच्या भिंती. उगवतीला बोळ, मावळतीला चिंच, दोन्ही अंगाला मोंढ्याची जागा. घर अकबरबी, नालबंदाची बायको, हिचं. हर्रास आठ वर्षांमागं झाला. दवंडी आज हाये. तवा वाजवली न्हवती. कागदावर अंगठा माझा व्हता, आठ आण्याचा."

अमीनसाहेब पोहोचले होते. ते बोळाच्या तोंडाशीच थांबले. हमालांनी पोती खाली ठेवली. रामकिसन म्हणाला, "नौकरी गेली तुझी," आणि ते अगदी खरं होतं, कडूबाला तेव्हाच कळलं. अकबरबी केरसुणी टाकून उठली आणि त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. सवयीने तिचा तळवा कानामागे गेला होता.

"किसका घर बोला तू?"

"तुमचं, खाला." तो ओरडला नाही. साध्या आवाजात म्हणाला. "वाजवलीच न्हवती. तुमाला कुठून ऐकू येईल?"

तिने तळवा कानापासून काढला आणि ती त्या तळव्याकडे पाहत राहिली, तो कुणा दुसऱ्याचा असावा तशी. मग दोन्ही हात खाली सोडले. तिच्या तोंडावर आनंद नव्हता, माफी तर नव्हतीच. कडूबाला ती पाहिजेही नव्हती, म्हणजे पाहिजे होती, पण मागायचं तोंड नव्हतं.

"आठ साल," अकबरबी म्हणाली. "आठ साल लोगां मेरे कान में चिल्लाए. तू भी चिल्लाया."

"हौ."

मनगट सुजलं होतं, हलगी पुन्हा गार व्हायला लागली होती. मागून एक अडत्या पुढे आला. त्याला या जुन्या घराशी काही देणंघेणं नव्हतं. त्याने पानाची पिंक टाकली आणि विचारलं, "कडूबा, स्टेशनाजवळच्या घराची तारीख कोन्ती म्हनला तू? मोक्याची जागा हाये." दुसरा म्हणाला, "हौ, मलाबी बराबर ऐकू न्हाई आली." हेच तर पाहिजे होतं. दोन गिऱ्हाइकं, रामकिसनच्या समोर, एकमेकांवर चढायला तयार. कडूबाने तोंड उघडलं. डोक्यावर दगड घेऊन छावणीवरून येणारी बाई त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहिली होती, आणि तिच्या देखत ती तारीख मोठ्याने सांगवेना. तो पुटपुटला. अडत्याने कानामागे तळवा धरला.

"जोर से बोल," अकबरबी म्हणाली. "मेरेकू सुनने आया. इनकू नै आया."

कडूबाने हलगी छातीशी धरली, एक ठोका मारला आणि बहमनची वीस तारीख मोठ्याने सांगितली.